नळीचा सांधा

"सर, टिग वेल्डिंगची मशीन घ्यायची आहे. एसी-डीसी घेऊ की नुसती डीसी?"

हा प्रश्न इतिहासाच्या निवृत्त मास्तरला विचारण्यासारखा नाही, हे मला मान्य आहे. विचारणारा माझा जुना विद्यार्थी. दहावीला इतिहासात काठावर पास झाला. मग आयटीआय, मग हिंगणा एमआयडीसीत पंधरा-वीस वर्षे वेल्डर, आणि आता वाडीच्या पुढे स्वतःचे एका शटरचे वर्कशॉप. चहाचा कप हातात धरून तो बराच वेळ मशीनबद्दलच बोलत राहिला. जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाला एवढे कळते की मुलगा पहिल्यांदा जे विचारतो ते बहुधा त्याला विचारायचे नसते. म्हणून मी आपला ऐकत राहिलो.

खरे ते दुसऱ्या कपाला बाहेर आले. शहरातल्या एका परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडचे जुने मिस्त्री थकले, त्यांना बारीक दिसेनासे झाले. झिजलेली खाच भरणे, तुटलेल्या घोड्याला टोक लावणे, चापाची कडी जोडणे अशा कामांसाठी मालकाने याला बोलावले. आणि त्याच दुकानात माझा चुलतभाऊ कुहीकडच्या आमच्या गावाहून घरची ठासणीची बंदूक घेऊन पोचला होता.

"तुमचे भाऊ म्हणतात, नळीला चीर आहे ते भरून दे. टिगनं भरता येते सर. घासून काढली तर दिसणार पण नाही. पण भरू का?"

त्या 'भरू का'चे उत्तर शोधता शोधता मी महिनाभर पुस्तके काढून बसलो. वेल्डिंगची नव्हे, माझ्या विषयाचीच. त्यातून जे हाती लागले ते इथे लिहून ठेवतो आहे.

आधी ती बंदूक. एकनळी, ठासणीची, टोपीवर उडणारी. नळी माझ्या छातीला लागेल एवढी लांब, दस्ता शिसवीचा असावा. आजोबांच्याही आधीपासून घरात आहे. पिकाच्या रक्षणासाठीचा परवाना आजोबांच्या नावाने होता, मग काकांच्या, आता चुलतभावाच्या. लहानपणी ओसरीवर खुंटीला टांगलेली असे. रानडुकरे धानात शिरली की आजोबा गजाने दारू ठासून हवेत एक बार काढत. तो आवाज मी ऐकला आहे. नळीच्या बुडाशी, टोपी बसते त्या तोटीच्या मागे, बोटाच्या पेराएवढी चीर आहे. शिवाय घोड्याची खाच झिजलेली, त्यामुळे अर्ध्यावर चढवलेला घोडा आपला आपणच पडतो. नळीवर कुठल्याही कारखान्याचा शिक्का नाही.

विद्यार्थ्याने मला दुकानात नेले आणि मालकासमोर नळीवरचा हातभर गंज हलक्या हाताने पुसून दाखवला. खाली तिरप्या रेघा दिसल्या. सळसळत वर जाणाऱ्या, दोरीच्या पिळासारख्या. जन्मभर पाहिलेली बंदूक, पण हे मी कधी पाहिलेच नव्हते. तो म्हणाला, "सर, ही नळी पाइप नाहीच. पट्टी गुंडाळून जोडली आहे. ही पूर्ण नळी म्हणजे एक वेल्डिंगच आहे."

इथे माझा इतिहास जागा झाला. ही रीत 'आईन-ई-अकबरी'त आहे! अबुल फझलने अकबराच्या बंदुकांवर लिहिताना नळी कशी करत हे नीट सांगितले आहे. आधीची पद्धत अशी की लोखंडाचा पत्रा ठोकून वळवायचा आणि त्याच्या दोन कडा लांबीत जोडायच्या. हा उभा सांधा दारूच्या दाबाने उसवे आणि बंदूक माणसाच्या तोंडावर फुटे. नव्या पद्धतीत पट्टी तिरपी गुंडाळत न्यायची, वेढ्यावर वेढा थोडा चढवायचा, आणि भट्टीत थोडे थोडे तापवून सगळे एकजीव करायचे. अबुल फझल म्हणतो की पूर्वी नळी पावभरच भरता येई, आता तोंडापर्यंत भरली तरी फुटत नाही. (बादशहाचा पदरी लेखक आहे, तेव्हा थोडे मीठ बाजूला ठेवून वाचावे.) एका गायीने फिरवलेल्या चाकावर सोळा नळ्या एकदम साफ होत, हेही त्यानेच लिहिले आहे.

तिरप्या सांध्याची युक्ती साधी आहे. नळीतला दाब तिला फाडायला पाहतो तो मुख्यतः लांबीच्या रेषेत. सांधाही त्याच रेषेत असला तर आयताच उसवतो. तिरपा असला तर जोर वाटला जातो. हे गणित न मांडता लोहारांनी शोधले. भात्याने पांढरा ताव आणायचा, टाकणखार टाकायचा म्हणजे वरची खपली वितळून निघून जाते, आणि ठिणगी उडू लागली की घण घालायचा. एक क्षण आधी घातला तर सांधा धरत नाही, एक क्षण उशिरा तर लोखंड जळते. युरोपातही पुढे बर्मिंगहॅम आणि लिएजचे कारागीर लोखंड-पोलादाच्या पिळलेल्या पट्ट्यांच्या अशाच नळ्या करत. आणि नळीच कशाला, आपल्याकडे अख्ख्या तोफा अशा होत्या. तंजावरची लोखंडी तोफ, जिच्या शहरावर पुढे भोसल्यांचे राज्य आले, ती ओतलेली नाही. लांब पट्ट्यांवर कडी चढवून, तापवून, ठोकून जोडलेली आहे. आजही उघड्यावर उभी आहे.

म्हणजे जोडणे हीच बंदूक करणाऱ्याची मुख्य विद्या होती. दस्ता सुतार करी, घोडा-चाप कुठलाही हुशार लोहार घडवी. पण नळीचा सांधा ज्याला जमे तोच खरा बंदूकवाला.

मग हे लोक गेले कुठे? हा प्रश्न मला आधी पडायला हवा होता. कितीतरी वर्षे मी वर्गात फळ्यावर लिहीत आलो, '१८७८ : शस्त्रबंदी कायदा, लॉर्ड लिटन.' खाली दोन मुद्दे. हिंदी लोकांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास बंदी, आणि युरोपियनांना सूट. राष्ट्रसभेने निषेध केला, मुलांनी पाठ केले, पेपरात दोन गुण. पण तो कायदा बाळगण्यापुरता नव्हता. शस्त्र बनवणे, विकणे यांनाही परवाना लागू झाला. याचा अर्थ काय होतो, ते कुठल्या तरी गावच्या भट्टीपाशी उभे राहून मी कधी पाहिले नाही.

आमच्या नागपुरापुरते बोलायचे तर ही गोष्ट त्याच्याही बरीच आधी सुरू होते. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला, डिसेंबरात सक्करदऱ्याला उरलीसुरली लढाई झाली आणि तोफा इंग्रजांकडे गेल्या. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी वारले आणि पुढच्या वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले. दरबार गेला की दरबाराचे कारखाने जातात. सत्तावन्ननंतर हत्यारे गोळा करण्याचे कायदे झाले, आणि १८७८ ने त्यावर शेवटची मोहोर उठवली. बिहारातल्या मुंगेरसारख्या एखाद्या गावात बंदुकीचा धंदा टिकला, स्वातंत्र्यानंतर तिथे परवान्याने कारखानेही चालले. आपल्याकडच्या लोहारांच्या हाती विळे, कुऱ्हाडी, वखराच्या पाशी आणि बैलगाडीच्या धावा उरल्या. अजबबंगल्यात, म्हणजे १८६३ सालच्या आमच्या मध्यवर्ती संग्रहालयात, शस्त्रांचे दालन आहे. शाळेच्या सहली घेऊन मी कितीदा तिथे गेलो असेन. काचेआडची बंदूक कोणत्या राजाची हे सांगितले. कोणी जोडली, हा प्रश्न ना मुलांनी विचारला ना मी.

अर्थात सगळे कायद्यामुळे झाले असे म्हणणे खोटे होईल. १८५६ मध्ये बेसेमरने स्वस्त पोलादाची रीत काढली आणि पुढच्या काही दशकांत पोलादाची भरीव कांब यंत्राने भोक पाडून नळी करणे सोपे झाले. बिनधुराची दारू आली तिचा दाब तर भलताच. साध्या छऱ्याच्या बंदुकीत तो दर चौरस इंचाला दहा हजार पौंडांवर जातो आणि रायफलीत त्याच्या चार-पाच पट. गुंडाळलेल्या नळीचे ते काम नाही. म्हणजे इंग्रज आले नसते तरी तिरपा सांधा जाणारच होता. पण ज्या हातांना तो येत होता त्यांना पुढची विद्या शिकायची संधी मिळाली असती. विलायतेत तशी मिळाली. आपल्याकडे सांखळी मध्येच तुटली.

असो. आता टिगकडे.

विजेच्या ठिणगीने धातू जोडता येतो हे १८८० च्या दशकात रशियन साम्राज्यातल्या बेनार्डोसने कार्बनच्या कांडीने दाखवले. पुढे स्वीडनच्या केलबेर्गने काडीला लेप लावला आणि आज कोपऱ्यावरचा ग्रिलवाला वापरतो ती काडी जन्मली. आपल्याकडे १९५१ मध्ये मुंबईत अडवाणी-ओर्लिकॉन (आताची अ‍ॅडॉर वेल्डिंग) सुरू झाली. लेपाचे काम तेच जे टाकणखाराचे, तापलेल्या धातूला हवा लागू न देणे. हवेतला प्राणवायू आणि नत्रवायू लागले की सांधा ठिसूळ होतो. सगळे वेल्डिंग म्हणजे एका अर्थी हवेशी भांडण आहे.

ते भांडण १९४१ मध्ये एका विमानामुळे मिटले. कॅलिफोर्नियातल्या नॉर्थ्रॉप कंपनीला मॅग्नेशियमचे लढाऊ विमान करायचे होते. मॅग्नेशियम म्हणजे फुलबाजीत जळते ते! त्याला हवेत वेल्डिंग कोण करणार? तिथल्या रसेल मेरेडिथने टंगस्टनची टोकदार कांडी घेतली, तिच्याभोवती हेलियम वायूचा झोत सोडला आणि त्या झोताच्या आडोशाला ठिणगी पेटवली. टंगस्टन वितळायला ३४२२ अंश सेल्सियस लागतात, लोखंडाला १५३८. म्हणून कांडी टिकते आणि काम वितळते. भरायची तार दुसऱ्या हाताने वेगळी द्यायची. १९४२ मध्ये त्याला पेटंट मिळाले. नाव पडले 'हेलिआर्क'. वायूचे आच्छादन ही कल्पना १९३० च्या अमेरिकी पेटंटांत आधीच होती, पण तिचा हातात धरता येण्याजोगा दिवा मेरेडिथने केला.

हेलियम म्हटले की मराठी माणसाला विजयदुर्ग आठवतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया आपल्या मुलखावरून गेली. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, लेफ्टनंट हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीला. विजयदुर्गावर 'साहेबाचे कट्टे' दाखवतात आणि लॉकियरने तिथून हेलियम शोधला असे सांगतात. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्येच होता, त्याने ती पिवळी रेघ ऑक्टोबरात तिथून पाहिली. विजयदुर्गकर रागावतील, पण इतिहासाच्या मास्तरला हे सांगणे भाग आहे. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ मध्ये, रॅम्झेला.

आज आपल्याकडे टिगला वापरतात तो मात्र आर्गॉन. अमेरिकेत नैसर्गिक वायूबरोबर हेलियम निघे म्हणून मेरेडिथने तो घेतला. आर्गॉन आपल्या हवेतच आहे, शंभरात जेमतेम एक भाग. १८९४ मध्ये रॅले आणि रॅम्झे यांनी तो ओळखला आणि ग्रीक भाषेतले 'आळशी' हे नाव दिले, कारण तो कशाशीच संयोग करत नाही. हे ऐकून विद्यार्थी हसला. "सर, म्हणजे शेवटच्या बाकावरचा." मी म्हटले, बरोबर, आणि बघ, तोच कामाला आला.

आणखी एक गंमत. टंगस्टनचे खनिज भारतात फार थोड्या ठिकाणी नोंदले आहे, आणि त्यात नागपूर जिल्ह्यातले खोबना, कुही, आगरगाव हा पट्टा आहे. ज्या मातीतल्या घरात आमची बंदूक टांगली होती त्याच बाजूची माती. त्या कांडीतले टंगस्टन तिथले नक्कीच नव्हे, पण हे वाचल्यावर मी चुलतभावाला फोन केला. तो म्हणाला, "भाऊ, ते राहू दे, बंदूक कधी भेटते ते सांगा."

मी दोन-तीनदा विद्यार्थ्याच्या वर्कशॉपात जाऊन बसलो. त्याचे वडील अंबाझरीच्या आयुध निर्माणीत होते. १९६६ ची ही निर्माणी २०२१ पासून यंत्र इंडिया लिमिटेडमध्ये आहे. तिथे तोफगोळ्यांची कवचे होतात, बंदुका नाहीत. काडीचे वेल्डिंग त्याच्या हातात बसलेले, पण टिग म्हणजे पुन्हा पहिलीत जाणे, असे तो स्वतःच म्हणतो. उजव्या हातात टॉर्च, डाव्या हातात तार, पाय पेडलवर. टंगस्टनचे टोक कामापासून दोन-तीन मिलिमीटरवर स्थिर धरायचे. टेकले की टोक बिघडले, पुन्हा घासायला उठा. पेडलने करंट कमी-जास्त करत वितळलेल्या थेंबाला पुढे न्यायचे. काचेतून मीही पाहिले. डाळीच्या दाण्याएवढे चकचकीत तळे, आणि त्यात तार बुडवून हलकेच काढायची. शेवटी करंट तोडला तरी टॉर्च उचलायचा नाही, वायू आणखी काही सेकंद वाहू द्यायचा. पहिले आठ दिवस त्याने तार वापरलीच नाही. नुसत्या पट्टीवर तळे चालवत बसला. शिलाई मशीन शिकणाऱ्या मुली आधी कागदावर टाके घालतात तसे.

बंदुकीच्या बारीक कामाला हे का लागते तर काडीने जिथे रुपयाएवढा भाग तापतो तिथे याने करंगळीच्या नखाएवढा. घोड्याची खाच भरायची तर बाकीच्या घोड्याचे पाणी उतरता कामा नये. शिवाय खाच भरली की काम संपत नाही. कानसीने आकार देणे, पुन्हा पाणी चढवणे, आणि ते किती चढवायचे ही जुन्या मिस्त्रींची विद्या. डोळे गेले तरी ते शेजारी स्टुलावर बसतात आणि कानसीच्या आवाजावरून सांगतात, "बस, आता नाई."

आता मशीन. नुसते पोलाद जोडायचे तर डीसी पुरते. अ‍ॅल्युमिनियमला एसी लागतो, कारण त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजार अंशांच्या वर वितळतो आणि खालचे अ‍ॅल्युमिनियम ६६० लाच पाणी होते. एसीत प्रवाह उलटतो तेव्हा तो पापुद्रा फुटतो. किमतीत दुपटी-तिपटीचा फरक. बंदुकीच्या कामासाठी डीसी घे असे मी म्हणणार होतो. मग विचारले, महिन्याला असे काम किती? तो म्हणाला, चार-पाच नग. बाकी? बाकी दुधाच्या गाड्यांच्या टाक्या, मोटारसायकलचे इंजिनचे डबे, फुटलेले रेडिएटर. मग एसी-डीसीच घे, पोट त्यावर आहे. मात्र तीन गोष्टी पाहून घे. एक, टंगस्टन न टेकवता ठिणगी पेटली पाहिजे. दोन, पायाचे पेडल लागले पाहिजे, कारण खाच भरताना बटणावर काम होत नाही. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, दहा-वीस अँपिअरला ठिणगी स्थिर राहिली पाहिजे. दोनशे अँपिअर कोणीही छापतो. चार अनुभवी वेल्डरांना विचारून आणि माहितीपत्रके वाचून हे आम्ही दोघांनी मिळून ठरवले, माझी अक्कल त्यात जोडण्यापुरती.

माहितीपत्रकातला एक आकडा मात्र मीच पकडला. किती वेळ सलग चालेल याचे प्रमाण दहा मिनिटांच्या हिशेबात देतात. पस्तीस टक्के म्हणजे दहा मिनिटांत साडेतीन मिनिटे. पण हे प्रमाण चाळीस अंश तापमानाला धरलेले असते. नागपूरचा मे महिना चाळिसावर थांबतो का? पत्र्याच्या शेडमध्ये तर बोलूच नका. म्हणून छापले आहे त्यापेक्षा कमीच धरावे. दुसरी नागपुरी अडचण म्हणजे कूलर! पहिल्या उन्हाळ्यात त्याचा प्रत्येक सांधा बुडबुड्यांनी भरू लागला. वायू खराब, तार खराब, सगळे बदलून झाले. शेवटी लक्षात आले की मागून कूलरचा झोत आर्गॉन उडवून नेतो आहे. आता टिग चालू असताना कूलर बंद, आणि टॉवेल मानेभोवती. सिलिंडरचा हिशेब मी करून दिला. सात घनमीटरचा, मिनिटाला आठ लिटर, म्हणजे साधारण साडेचौदा तास. बारीक कामाला बरेच दिवस पुरतो, नळी गळत नसेल तर.

आता त्या चिरेचे. दुकानाच्या मालकांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले होते की नळीला वेल्डिंग नाही. जिथे स्फोट होतो तो भाग, म्हणजे नळीचे बूड आणि ते बंद करणारे कुलूप, याला हात लावायचा नाही. पण चुलतभाऊ ऐकेना. "दिसणार नाही इतकं साफ होते म्हणतात," हेच पालुपद. आणि खरे सांगायचे तर मलाही मोह झाला होता. आजोबांचा तो बार पुन्हा एकदा ऐकावा, एवढेच.

मग विद्यार्थ्याने एक काम केले. लोहाओळीतल्या भंगारातून जुन्या घडीव लोखंडाचा, चीर गेलेला एक गज शोधून आणला. त्याची चीर टिगने भरली, कानस मारली, पॉलिश केले. खरेच दिसेना. मग हॅकसॉने माझ्यासमोर आडवा कापला. आत, भरलेल्या चकचकीत भागाच्या खाली, चीर तशीच पुढे गेलेली. आणि बाजूने बारीक बारीक छिद्रे. जुन्या घडीव लोखंडात भट्टीतल्या मळीचे धागे असतात, चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखे. भट्टीच्या सांध्याला त्यांचा त्रास नाही, घणाखाली ते सगळे एकत्र दबतात. टिगने वितळवले की मळी उकळते आणि छिद्रे पडतात. ज्या लोहाराने आमची नळी जोडली त्याच्या सांध्यावर आजच्या यंत्राचा सांधा बसत नाही. बसला आहे असे फक्त दिसते.

कायद्याचे एक कलमही त्या निमित्ताने वाचले. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला आणि लिटनसाहेबांचा गेला. त्याच्या ४५ व्या कलमात म्हटले आहे की जुन्या बनावटीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा मोडके शस्त्र, जे दुरुस्त करून वा न करता बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला हा कायदा लागू नाही. 'दुरुस्त करून वा न करता' हे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. आमची बंदूक त्यात बसते की नाही हे ठरवणार जिल्ह्याचे अधिकारी, मी नव्हे. तोवर ती परवान्यावरच आहे.

घोड्याची खाच तरी भरून द्यावी, असे चुलतभावाने शेवटी मागितले. तेही मी नको म्हटले, आणि मालकांनीही. घोडा नीट धरू लागला की उद्या घरातले कोणी पोर म्हणेल, चालते आहे की! चुलतभाऊ माझ्यावर चिडला. "तुम्ही शहरात राहता, डुकरं आमच्या शेतात येतात," म्हणाला. त्यात चूक काही नव्हते.

परवा विद्यार्थी बंदूक पोचवायला माझ्याबरोबर गावी आला. बरोबर तो कापलेला गज होता. चुलतभावाने तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला, नखाने चीर चाचपली आणि काही बोलला नाही. बंदूक खुंटीला गेली. गजाचा तुकडा त्याने खालच्या कोनाड्यात ठेवला, देवाच्या तेलाच्या बाटलीशेजारी. निघताना वहिनींनी विद्यार्थ्याला विचारले, "काय जी, हंड्याचा कान निघाला आहे, तो जोडून देता का?" हंडा अ‍ॅल्युमिनियमचा होता. त्याने माझ्याकडे पाहिले आणि हसून तो गाडीत टाकला.